स्कोअर पोचला, लागला नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार फिलोमिना परेरा मॅडमचे आहेत, हे आधी सांगून टाकतो. आईवडिलांनी वाढवलं, शाळेत घातलं, ते उपकारात धरायचं नसतं. पण मुरबाडच्या मराठी शाळेतून आणि कल्याणच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन आलेल्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या मुलाला ठाण्याच्या ऑफिसात खुर्ची दिली ती मॅडमनी.

ते ऑफिस म्हणजे परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करणारी एक खासगी संस्था. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही, आणि परीक्षांचे स्कोअर पाठवायचं काम मॅडमच्या हाती. मुलाखतीला आलेली बाकीची मुलं फाडफाड इंग्रजी बोलत होती. मॅडमनी माझ्यापुढे एका अमेरिकन कॉलेजच्या सूचनांची पानं ठेवली आणि यात मुलं कुठे चुकतील ते सांग, म्हणाल्या. मी इतका वेळ वाचत बसलो की आमचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, दोनदा दारात येऊन गेले. शेवटी मी मराठीतच सांगितलं की इथे वर लिहिलंय अर्ज या तारखेपर्यंत भरा, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की त्याच तारखेपर्यंत परीक्षेचा स्कोअरही आमच्याकडे आलेला पाहिजे. मुलं वरचं वाचतील आणि खालचं सोडतील. मॅडम सरांना म्हणाल्या, "हा वाचतो. बाकीचे बोलतात. बोलायला तुम्ही आहात की."

नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी काम काय ते विचारलं. ते भाताच्या गिरणीवर पोती उचलायचे. मी म्हटलं, मुलांचे मार्क अमेरिकेला पाठवायचे. ते म्हणाले, "का, मुलांना पाठवता येत नाहीत?"

खरं म्हणजे मुलांना पाठवता येतात. प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षा ठरलेल्या असतात, एक गणित आणि भाषेची, एक इंग्रजीची. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या खात्यात जायचं, कॉलेजचा क्रमांक टाकायचा, पैसे भरायचे, झालं. पण प्रत्येक विद्यापीठाचा क्रमांक वेगळा, एकाच नावाच्या विद्यापीठाची तीन गावांत तीन आवारं, त्यांचे क्रमांक वेगळे, आणि कुठे विभागाचाही वेगळा. परीक्षा संपता संपता काही कॉलेजांची नावं दिली तर तिथे स्कोअर पैसे न घेता पाठवतात. आपली मुलं ती जागा रिकामी सोडून येतात, कारण कॉलेजांची यादी घरी ठरायची असते. काका बघणार, न्यूजर्सीचा मामा बघणार, मग ठरणार. ते ठरेपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि डिसेंबरात सगळ्यांच्या तारखा.

मॅडमनी मला या कामाचे तीन शब्द शिकवले. स्कोअर गेला, स्कोअर पोचला, स्कोअर लागला. गेला म्हणजे आपण इथून पाठवला. पोचला म्हणजे तिकडच्या संगणकात पडला. आणि लागला म्हणजे त्या मुलाच्या अर्जाला जोडला गेला. पालक पहिल्या शब्दावर पेढे वाटतात. मॅडम म्हणायच्या, तिसरा शब्द ऐकल्याशिवाय मुलाच्या घरी फोन करायचा नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. कोणत्या कॉलेजला पाठवायचं ते मुलाने स्वतः तोंडाने सांगायचं. बापाने नाही, मामाने नाही. मॅडम ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. त्यांच्या आजोबांनी शेतं विकली तेव्हा घरातल्या कुणाला विचारलं नव्हतं, असं त्या एकदा सांगत होत्या. नियमाचा त्याच्याशी संबंध होता की नाही, मला माहीत नाही.

माणसं नाना तऱ्हेची येत. डोंबिवलीचे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ मुलाचा स्कोअर पाठवायला पंचांग घेऊन आले. मी सगळं भरून तयार ठेवलं, फक्त शेवटचं बटण दाबायचं. ते म्हणाले थांबा, राहुकाळ जाऊ दे. आम्ही थांबलो. राहुकाळ गेला, तेवढ्यात त्या संकेतस्थळाने आम्हाला बाहेर काढलं, आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागलं. ते भरून होईपर्यंत पुढचा वाईट काळ सुरू झाला. मुलगा कोपऱ्यात बसून मोबाइलमध्ये तोंड खुपसून हसत होता. शेवटी तोच उठला, बटण दाबलं आणि म्हणाला, "पप्पा, तिकडे आत्ता रात्र आहे. त्यांचा राहुकाळ वेगळा असेल." गृहस्थ विचारात पडले. मुलाला तिथे प्रवेश मिळाला, एवढं सांगितलं पाहिजे.

घोडबंदर रोडच्या एका बाई तर शेवटच्या तारखेला मानपाड्याला गाडीत अडकल्या होत्या आणि मुलीचे पैसे भरायचं कार्ड त्यांच्या पर्समध्ये. त्यांनी मला फोनवर सांगितलं की कॉलेजला एक मेल टाका, ट्रॅफिक जाम आहे. मी विचारलं, कुठल्या कॉलेजला? तर म्हणाल्या, सगळ्यांना.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, म्हणून मी त्या सांगतो. पण जी गोष्ट लिहायला बसलो ती ही नाही.

मॅडम निवृत्त होऊन उत्तनला भावाकडे राहायला गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. प्रणाली आंबेरकर नावाची मुलगी आमच्याकडे यायची. घर कोपरीत, शिक्षण केमिकल इंजिनीअरिंग, वडील वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर. सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर तिला पुढे शिकायचं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात त्याच विषयावर काम करणारा विभाग होता, आणि तिथे निवडक मुलांना फी माफ करून वर विभागातच पगारी काम देत. ते मिळालं तर जायचं, नाही तर नाही, हे तिच्या घरात स्पष्ट होतं. त्यासाठी ठरलेल्या तारखेपर्यंत अर्ज पूर्ण पाहिजे, म्हणजे स्कोअर लागलेला पाहिजे.

स्कोअर वेळेत गेला. पोचलाही. लागेना. प्रणाली रोज संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी बसायची, तिचं खातं उघडायची, आणि तिथे लाल अक्षरात तेच, अर्ज अपूर्ण. मी तिकडे मेल टाकला. उत्तर आलं की या आडनावाच्या कुणाचाही अर्ज आमच्याकडे नाही.

मग मी अर्ज उघडून पाहिला. परीक्षेला पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून परीक्षेत आंबेरकर. अर्ज तिने डिग्रीचे कागद समोर ठेवून भरला होता, आणि डिग्रीवर आडनाव दुसरं. ती दहावीत होती तेव्हा तेच आडनाव होतं. पुढे वडिलांनी सरकारी गॅझेटमध्ये छापून ते बदललं आणि गावावरून आंबेरकर घेतलं. आधार, पासपोर्ट, रेशनकार्ड, सगळीकडे आंबेरकर झालं. शाळा-कॉलेजचे कागद मात्र पहिल्या नावाने चालू राहिले. आपल्याकडे हजारो घरांत हे असंच आहे. जुनं आडनाव ऐकलं की समोरच्याला जात कळते, आणि मग चेहरा बदलतो, म्हणून माणसं ते टाकतात. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी टाकलंय, मी छापण्यात अर्थ नाही.

उपाय सोपा होता. गॅझेटच्या त्या पानाची प्रत पाठवायची, त्यावर दोन्ही नावं एकाखाली एक असतात, म्हणजे तिकडचा माणूस दोन्ही नोंदी जोडेल. प्रत आमच्या फायलीत होतीच. सर म्हणाले, आत्ताच्या आत्ता पाठव, ती काय लहान आहे? मी प्रणालीला विचारलं. ती म्हणाली, "अर्ज त्या नावाने भरलाय हे पप्पांना माहीत नाही. त्यांना विचारल्याशिवाय नको."

रविवारी मी तिच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शोकेसमध्ये प्रणालीची बक्षिसं. आंबेरकरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले. प्रणालीने खाली बघत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे तू तिकडे ते नाव लिहिलंस."

मी मध्ये पडलो. डिग्री त्याच नावाची आहे, मार्कशीट त्याच नावाच्या आहेत, त्या अर्जाबरोबर गेल्याच आहेत, म्हणजे नाव काही लपलेलं नाही, असं समजावलं.

"मार्कशीटवरचे मार्क वाचतात हो," ते म्हणाले. "गॅझेट पाठवलं की नावच वाचणार. हा आधी कोण होता, ते सरकारी शिक्क्यानिशी."

मी म्हटलं, अमेरिकेत कुणाला काय कळतं.

त्यांनी प्रणालीला फोन काढायला सांगितला. तिने ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकायचं ठरवलं होतं त्यांचं विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं पान उघडलं. नाव आपल्याकडचं, शिक्षण आपल्याकडचं. "यांना कळतं," आंबेरकर म्हणाले. ते प्राध्यापक सज्जन असतील, मी म्हटलं. असतीलच, ते म्हणाले, पण मला बावीस वर्षं सज्जन सुपरवायझरच भेटले.

मग त्यांनी मला माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमचंही घर मुरबाडच्या बौद्धवाड्यातलं, हे त्यातून त्यांना कळलं, जसं ते सगळ्यांनाच कळतं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुम्हाला बदलावंसं नाही वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. वडिलांना लिहिता येत नव्हतं. मी चौथीत असताना मी त्यांना सही शिकवली, ते नाव आणि ते आडनाव. तेवढीच अक्षरं त्यांना येतात. म्हणून राहू दिलं.

"तुमची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "आणि माझी वेगळी." प्रणालीच्या आईने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की ऐकतील ते, थोडा वेळ द्या. वेळच तर नव्हता, पण ते त्यांना कसं सांगणार.

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. सर रोज विचारायचे. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना मुलीचं भलंच दिसत होतं. एकदा मला म्हणाले, "अरे, एक क्लिक आहे. तिचा बाप काय अमेरिकेत जाऊन बघणार आहे?" मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही, पण हात पुढे गेला नाही. प्रणाली येत राहिली. दुसरी मुलं स्कोअर लागल्याचं बघून उड्या मारत खाली वडापाव खायला जायची, ही खातं उघडून लाल अक्षरं बघायची आणि बंद करायची. एकदा मी तिला विचारलं की तू त्यांच्याशी भांडत का नाहीस. तर म्हणाली, "सर, त्यांनी नाव बदललं ते माझ्यासाठी. शाळेत मला एकीने डब्याला हात लावू दिला नव्हता, त्यानंतर. आता मी त्यांना काय सांगू, की माझ्यासाठी परत ते काढा?"

शेवटच्या दिवशी दुपारी आंबेरकर आले. कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, बाहीवर ग्रीसचा डाग. अर्धी रजा टाकली होती. प्रणाली त्यांच्या मागे उभी होती. मी खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत. "पाठवा," म्हणाले. "पण सोबत काय लिहिणार ते आधी सांगा."

मी आमचं नेहमीचं पत्र दाखवलं. त्यात एक ठरलेली ओळ असते, वैयक्तिक कारणामुळे नाव बदलले आहे. त्यांनी मराठीत अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी मान हलवली.

"वैयक्तिक काय त्यात? माझं एकट्याचं होतं का ते? पाठवायचंच तर खरं लिहा. लिहा, की आमच्या देशात या आडनावावरून माणसाची जात ओळखतात आणि तसं वागवतात. माझ्या मुलीला कुणी तसं वागवावं हे मला नको होतं. म्हणून मी ते टाकलं. खाली माझं नाव लिहा."

मी प्रणालीकडे पाहिलं. मॅडमचा नियम माझ्या डोक्यात होता. मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे, कुठे पाठवायचं? तिने विद्यापीठाचं नाव घेतलं, विभागाचं नाव घेतलं. मग मी ते इंग्रजीत लिहिलं. सोपं लिहिलं, एकही शब्द मऊ केला नाही. आंबेरकरांनी स्क्रीनवर इंग्रजीत आपलं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. दाखवल्यावर म्हणाले, ठीक आहे. मेल गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल अक्षरं गेली होती. स्कोअर लागला. त्या दिवशी मी नियमाप्रमाणे घरी फोन केला. प्रणालीच्या आईने उचलला आणि मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मार्चमध्ये निकाल आला. प्रवेश मिळाला, फी माफी आणि काम मिळालं नाही. विभागाने ज्यांचे अर्ज आधी पूर्ण झाले त्यांचे आधी वाचायला घेतले होते, असं त्यांनी कळवलं. तसंच झालं असेल. त्या नावामुळे झालं नसेल. मला माहीत नाही, आणि आंबेरकरांनी ते मला कधी विचारलं नाही. प्रणाली गेली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, म्हणून मी मागे लागलो. पण पुढच्या वर्षी त्या विभागाने ती परीक्षा मागणंच बंद केलं, आणि तोवर ती घोडबंदर रोडच्या एका कंपनीत लागली होती. इमारतींच्या सांडपाण्याचे नमुने तपासते. काम चांगलं आहे म्हणते.

परीक्षा मागणं अनेक कॉलेजांनी सोडलं. काहींनी सांगितलं की मुलांनी आपले मार्क स्वतःच लिहावेत, प्रवेश मिळाला तर नंतर कागद बघू. आमचं स्कोअरचं टेबल हळूहळू ओस पडलं. सरांनी मला व्हिसाच्या कामाला लावलं आणि त्या टेबलावर आता पाण्याचा कूलर आहे. वडिलांचा प्रश्न मला तेव्हा पुन्हा आठवला.

मॅडमना ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर बोलणं होत नाही. स्क्रीनकडे आता ढुंकून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. मी त्यांना पत्र लिहितो. निकालानंतर लिहिलेलं पत्र त्यांना विचारून इथे देतो आहे. त्यांनी उत्तरात लिहिलं, दे, पण माझी स्तुती असेल तेवढी काढ. तेवढी काढली आहे.

"आदरणीय मॅडम,

मागच्या पत्रात कोपरीच्या मुलीबद्दल लिहिलं होतं. निकाल आला. प्रवेश आहे, मदत नाही, त्यामुळे जाणं नाही. घरी कळवायला मीच गेलो. प्रणालीने आधीच बघितलं होतं. ती रडली नाही, तिने मला पाणी दिलं.

सांगायचं ते वेगळंच आहे. निकालाच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ होती. तुम्ही पाठवलेल्या कागदानुसार आमच्या सगळ्या नोंदींत तुमचं नाव बदललं आहे, आधीचं नाव यापुढे कुठेही दिसणार नाही. आंबेरकरांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मला म्हणाले, कुठेही म्हणजे? मी म्हटलं, त्यांच्याकडे कुठेही. मग त्यांनी विचारलं, 'हे इथे कुठे करून मिळतं?'

दहावीचं, बारावीचं, डिग्रीचं, सगळं त्यांना तसं करून हवं आहे. मी चौकशी करतो म्हणालो आणि केली. बोर्डात गेलो, विद्यापीठात गेलो. खिडकीवरची बाई चांगली होती. तिने सांगितलं, पुढचे कागद नव्या नावाने मिळतील, दिलेल्या कागदावरचं नाव बदलत नाही. मी म्हटलं, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने बदललं. ती म्हणाली, त्यांच्याकडे ही मुलगी कधी शिकली आहे का? मी कागद गोळा केले आणि निघालो.

शनिवारी कारखाना सुटल्यावर आंबेरकर ऑफिसात येणार आहेत. प्रणालीला घेऊन येऊ का, विचारत होते. मी म्हटलं, या दोघं. खिडकीवरचं हे उत्तर मला त्यांना समोर बसवून सांगायचं आहे.

तुमचा,
प्रकाश"